तेरजेच्या पुढचं शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

आज २९ जून, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचा जन्मदिवस. सांख्यिकी दिनाला तुम्ही वर्गात पेढे वाटायचात, म्हणून ही तारीख पाठ आहे. यंदा नुसता मेसेज न करता पत्र लिहिते आहे, आणि तेही उघड. बारावीनंतर कॉमर्सचा फॉर्म भरणाऱ्या मुलींनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

पुणे विद्यापीठाच्या बी.कॉम.ला आमच्या वेळी दुसऱ्या वर्षी एक विशेष विषय निवडावा लागायचा. अकाउंट्स तर सगळ्यांनाच होतं. विशेष विषयाला बहुतेक जणी कॉस्टिंग, बँकिंग नाहीतर मार्केटिंग घ्यायच्या. बिझनेस स्टॅटिस्टिक्सपुढे खूण करणाऱ्या आम्ही सात जणी. सात जणींसाठी वर्ग कशाला चालवायचा, असा प्रश्न निघाला, तेव्हा तुम्ही ऑफिसात जाऊन आमच्यासाठी भांडलात. हे आम्हाला शिपाईकाकांकडून कळलं, तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. वर्ग मिळाला तो सकाळी सातचा. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, की आपल्या विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग १९५३ साली सुरू झाला, तो उभा करणारे हुजूरबाजार सर कोल्हापूरचे, तेव्हा हा विषय परका समजू नका.

मी संध्याकाळी सीएमएच्या, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या कोर्सच्या, क्लासला जायचे. तिथे व्हेरियन्स म्हणजे ठरवलेला खर्च आणि झालेला खर्च यांतला फरक. तुमच्या तासाला व्हेरियन्स म्हणजे प्रचरण, सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग करून काढलेली सरासरी. चाचणीत मी दोन्हींची खिचडी केली. तुम्ही त्या प्रश्नाला शून्य दिलंत आणि तास सुटल्यावर मला थांबवून घेतलंत. फळ्यावर दोन वर्कशॉपचे दोन रकाने आखलेत. पाच महिन्यांत खर्च अंदाजापेक्षा किती हजारांनी कमीजास्त झाला, ते लिहिलंत. पहिलीचे आकडे: ५०, उणे ३०, १०, उणे ४०, १०. दुसरीचे: ५, उणे ३, १, उणे ४, १.

“बेरीज कर,” म्हणालात. दोन्हींची शून्य.

“तेरीज जुळली. आता वर्ग करून बेरीज कर.”

पहिलीची ५,२००, दुसरीची ५२. पाचाने भागून वर्गमूळ काढलं तर एकीकडे ३२ हजारांच्या आसपास, दुसरीकडे ३ हजारांच्या. “कर्ज कुणाला देशील?” एवढंच विचारलंत आणि डस्टर उचललंत. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा, आणि तो जुळवण्यात मी तोवर सगळा जीव ओतत होते. हिशेब जुळला तरी तो धंदा सांभाळून चालला आहे का, हे वेगळं विचारावं लागतं, ते मला त्या दिवशी उमगलं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की हे दोन विषय एकाच फळ्यावर शिकवायला हवेत. ऑडिटला हजारो व्हाउचर असतात, सगळी कुणीच बघू शकत नाही. नुसते मोठे आकडे उचलायचे की नमुना नीट काढायचा, हा प्रश्न अकाउंट्सच्या दारात उभा राहतो आणि उत्तर तुमच्या तासाला मिळतं.

पण हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं, ती गोष्ट वेगळी आहे. ती तुम्हाला कधी सांगितलेली नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी इंटर्नल ऑडिट करत होते. तुम्ही शिकवलेला बेनफर्डचा नियम आठवला. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत भरपूर पसरलेले असतील, तर सुमारे ३० टक्के आकडे एकने सुरू होतात आणि नऊने सुरू होणारे जेमतेम ४.६ टक्के. मी रोखीच्या व्हाउचरांचे पहिले अंक मोजले. जवळपास निम्मी चारने सुरू होत होती! आकडे मनाने लिहिलेले असावेत, असा संशय आला. वरिष्ठ म्हणाले, रिपोर्टात घाल. कॅशियरकाका निवृत्तीला आलेले. मी त्यांचं नाव टाइप करत होते, आणि नेमके तेव्हाच ते माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले.

हात थांबला तो तुमच्या एका वाक्याने. “नियम लावायच्या आधी बघ, आकड्यांना पसरायला जागा होती का.” मी व्हाउचर पुन्हा काढली. त्यातली बहुतेक ट्रकभाड्याची होती, एकाच रस्त्याची, ४,२०० ते ४,८०० रुपयांची. त्या रस्त्याला भाडंच तेवढं. ती बाजूला काढल्यावर उरलेले अंक जागच्या जागी बसले, आणि भाडं मी ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्याशी ताडून पाहिलं, तेही चोख निघालं. रिपोर्टात त्यांचं नाव गेलं नाही. पुढच्या वर्षी ते मानाने निवृत्त झाले. काय टळलं, हे त्यांना कधीच कळलं नाही. मला माहीत आहे, म्हणून त्यांच्या वतीनेही तुमचे आभार मानते.

यंदा विशेष विषयाला एकवीस जणी आहेत, हे तुमच्या फोनवरून कळलं तेव्हा डोळे भरून आले. येत्या शनिवारी सातच्या तासाला मी येते आहे. भाड्याच्या त्या आकड्यांचा नमुना, नावं वगळून, सोबत आणते. कुठे गडबड आहे ते मुलींना शोधू द्या, आणि उत्तर मला सांगू द्या, एवढी विनंती.

तुमची विद्यार्थिनी,
सात जणींतली एक