किमतीआधी नाण्याचा उगम विचारा

महोदय,

रोमन सोन्याच्या नाण्याचा लिलाव झाला की किमतीचा आकडा ठळक छापला जातो, नाण्यावर काय कोरले आहे ते मात्र राहूनच जाते. ब्रूटसचे नाणे घ्या. १५ मार्च, इ.स.पू. ४४ रोजी रोमचा सर्वसत्ताधीश ज्युलियस सीझर याची हत्या झाली आणि दोनच वर्षांत मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने ती अभिमानाने नाण्यावर उमटवली. दोन खंजीर, मधोमध गुलामगिरीतून सुटलेल्याची टोपी, खाली हत्येची तारीख. दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचा चेहरा! हयातीत नाण्यावर झळकण्याचा पायंडा रोममध्ये सीझरनेच पाडला होता. एकाधिकाराविरुद्ध शस्त्र उपसणाऱ्याने तोच गिरवावा, हे मला फार बोलके वाटते.

असे एक नाणे २०२० मध्ये लंडनला २७ लाख पौंडांच्या बोलीवर विकले गेले. पुढे मालकीची कागदपत्रे खोटी निघाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेने ते ग्रीसला परत केले. उत्तम झाले. पण चोरट्या खोदकामात नाण्याचा मूळ ठावठिकाणा पुसला जातो, तो कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. लिलावाच्या बातमीत किमतीसोबत नाणे कुठून आले हेही आपण आवर्जून छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक नाणेप्रेमी वाचक, पुणे