'शंभरच्या प्लॅन'वर रात्री ८ एमबीपीएस : तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) वेगाच्या फायबर इंटरनेट जोडणीवर रात्री फोर-के व्हिडिओ न चालणे, दोन तक्रारी न सोडवता बंद करणे

महोदय,

जोडणी घेण्याआधी मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला होता : रात्री नऊ ते साडेदहा या वेळात आमच्या टीव्हीवर फोर-के व्हिडिओ न अडखळता चालेल का? तो म्हणाला, "काकू, शंभरचा प्लॅन आहे, चार टीव्ही चालतील." त्याच्या शब्दावर विसंबून मी वर्षाचे ८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ९,४४० रुपये एकरकमी भरले.

माझे यजमान चित्रकलेचे शिक्षक होते. नाशिकहून नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. गुडघ्यांमुळे आता ते जमत नाही, म्हणून मुलाने ५५ इंची टीव्ही घेऊन दिला. फोर-के चित्रात पिसावरची रेघ न् रेघ दिसते. नात क्लासवरून आली की जेवणं उरकून दोघं वही घेऊन बसतात आणि पक्ष्यांची रेखाटनं करतात. नऊ वाजले की चित्र धुरकट होतं, थोड्या वेळाने नुसतं चक्र फिरत राहतं. हे वही मिटून आत जातात. मला ते बघवत नाही.

मी गणित शिकवत होते, त्यामुळे आधी मोजमाप केलं. १४ दिवस, सकाळी सात आणि रात्री साडेनऊला, लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून. सकाळी ९० ते ९४ एमबीपीएस. रात्री ६ ते ११, बहुतेक वेळा ८. फोर-केसाठी नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस सुचवतं. म्हणजे मला शंभर लागतच नाहीत. मला १५ हवेत, पण ते रात्री नऊला हवेत.

तुमच्या कॉल सेंटरने दोन्ही वेळा सांगितलं की टीव्ही राउटरपासून लांब आहे. वायफायचा प्रश्न आहेच, कारण तुम्ही दिलेला राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि आमच्या इमारतीत प्रत्येक घराचं वायफाय त्याच पट्ट्यात गर्दी करतं. पण माझी मोजणी वायफायवरची नाहीच, केबलवरची आहे. त्याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

तुमच्याच टेक्निशियनने सांगितलं की आमची लाइन जीपॉनची, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून देणाऱ्या पद्धतीची आहे आणि एका फायबरवर ६४ घरं आहेत. जीपॉनवर घरांकडे येणारा एकूण वेग सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, म्हणजे २,५०० एमबीपीएस असतो. सगळी ६४ घरं एकाच क्षणी पूर्ण वेगाने वापरू लागली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३९ एमबीपीएस यायला हवेत. मग ८ कसे? लाइनमध्ये दोष असता तर सकाळीही वेग पडला असता. माझ्या समजुतीप्रमाणे अडचण आमच्या गल्लीच्या पुढे, तुमच्या वरच्या लिंकवर, म्हणजे सगळ्या गल्ल्यांचा डेटा पुढे नेणाऱ्या जोडणीवर आहे : ग्राहक वाढवले, क्षमता वाढवली नाही. हे चूक असेल तर आकडे दाखवून सांगा, मी मान्य करेन.

सर्वांत जास्त मनाला लागलं ते असं, की दोन्ही तक्रारी मला एकही फोन न करता 'निराकरण झाले' असा एसएमएस पाठवून बंद केल्या गेल्या. दुसरा एसएमएस आला तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते आणि समोर चक्र फिरत होतं.

माझी मागणी स्पष्ट आहे. रात्री नऊ ते साडेदहा या वेळात केबलवर किमान २५ एमबीपीएस (लागणारे १५ आणि वर थोडी सवड) मिळतील असं लेखी द्या आणि ते १५ दिवसांत करून दाखवा. सोबत ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असलेला राउटर विनाशुल्क बदलून द्या. हे शक्य नसेल तर उरलेल्या सात महिन्यांचे ५,५०७ रुपये परत करा आणि जोडणी काढून न्या. मोठा प्लॅन घ्या, असं कृपया सुचवू नका. शंभरचे आठ होत असतील तर दोनशेचे किती होतील, हे तुम्हीही सांगू शकणार नाही.

मुदतीत उत्तर न आल्यास मी ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) नियमांनुसार तुमच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करेन. १४ दिवसांच्या नोंदी, स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट, दोन्ही तक्रारींचे डॉकेट (नोंदणी) क्रमांक आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे. फोन करायचा असल्यास रात्री साडेनऊला करा, म्हणजे मोजणी तुमच्यासमोरच करता येईल.

आपली,
एक ग्राहक, नाशिक