थकवा म्हणजे लगेच 'मर्दानी कमजोरी' नव्हे

महोदय,
आमच्या यवतमाळ-वाशीमकडे भिंतोभिंती 'मर्दानी कमजोरी'च्या जाहिराती दिसतात. चाळिशीतला शेतकरी कामेच्छा कमी झाल्याचे घरीही बोलत नाही. बोललाच तर आठवडी बाजारातल्या तंबूतून महागड्या पुड्या आणतो. याची चीड येते, कारण निदानाचा रस्ता सरळ आहे. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक (हार्मोन), सकाळी सर्वाधिक असते, म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यावे. पातळी कमी आली तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासावी. तापातून उठल्याबरोबर तर नकोच. केवळ आकड्यावर निदान होत नाही, लक्षणेही जुळावी लागतात: कामेच्छा घटणे, पहाटेची ताठरता जाणे, दाढी विरळ होणे. नुसताच थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड बघा, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारसुद्धा. मनाची उदासीही अशीच अंगावर येते.

मूल हवे असलेल्या तरुणांनी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन परस्पर घेऊच नये. त्याने शुक्राणूंची निर्मिती घटते.

ग्रामीण रुग्णालयांनी आठवड्यातली एक सकाळ पुरुषांसाठी राखून ठेवावी, जिथे दार लावून डॉक्टरांशी बोलता येईल.

– एक शिक्षक, दारव्हा (जि. यवतमाळ)