जुन्या एमजी, ट्रायम्फचे ब्रेक उभ्या उभ्याच मरतात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांवरचा लेख इथे कॉव्हेंट्रीत बसून वाचला. फोटो झकास आहेत, पण लेखात क्रोम आहे, लेदरच्या सीट आहेत, इंजिनचा आवाज आहे आणि ब्रेकवर एक ओळसुद्धा नाही. जॅग्वारने ले मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली असं लिहिलंय, पण 1953 ला त्यांची सी-टाइप गाडी जिंकली त्यात डनलॉपच्या डिस्क ब्रेकचा फार मोठा हात होता, बाकीच्यांना ड्रम ब्रेक तापायच्या भीतीने वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक लावावा लागायचा आणि जॅग्वारवाले शेवटपर्यंत वेगात जायचे. 1956 मध्ये ट्रायम्फ टीआर 3 ला पुढच्या चाकांवर गर्लिंग कंपनीच्या डिस्क आल्या, ती गाडी ह्याच कॉव्हेंट्रीत बनायची. एवढा इतिहास असताना ब्रेक विसरले गेले ह्याचं वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

माझ्याकडे एमजीची एमजीबी आहे आणि इथल्या ओळखीच्या लोकांच्या गाड्यांच्या कामातही मी हात लावतो, त्यामुळे एक गोष्ट अगदी ठामपणे सांगतो. ह्या गाड्यांचे ब्रेक चालवून जेवढे खराब होत नाहीत तेवढे उभे राहून होतात. मालक म्हणतो वर्षात पाचशे मैल पण गाडी फिरली नाही, पॅड नवेकोरे आहेत, मग ब्रेकला काय होणार? अहो पॅड नवे असतील पण आतल्या ब्रेक ऑइलचं काय, ते हवेतलं पाणी शोषून घेतं, गाडी फिरो न फिरो. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल कमीत कमी 230 अंश सेल्सिअसला उकळायला पाहिजे असा नियम आहे आणि पाणी शोषलेल्यासाठी तीच मर्यादा 155 अंश आहे. मग उतारावर सारखा ब्रेक लावत आलात की आत वाफ धरते आणि पेडल सरळ खाली जातं. शिवाय त्याच पाण्याने कॅलिपरचे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन आणि ड्रममधले शू ढकलणारे व्हील सिलिंडर आतून गंजतात, ते वेगळंच. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, मैल मोजत बसायचं नाही.

दुसरी भानगड रबरी होज पाइपची. बाहेरून चकचकीत दिसतो पण आतून फुगलेला असतो, पेडल दाबलं की ऑइल जोरात पुढे जातं आणि पाय काढला की परत यायला वाटच मिळत नाही, मग ब्रेक धरून राहतो, चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते. अशा वेळी लोक आधी कॅलिपर खोलतात. थांबा जरा, गाडी नीट जॅक स्टँडवर घ्या, चाक जाम असताना ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, थोडा सैल करा. चाक सुटलं तर प्रेशर आत अडकलेलं होतं, म्हणजे आधी होज बघा आणि मग मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने ऑइल दाबणारा सिलिंडर, आणि तरीही नाही सुटलं तर पिस्टन जाम आहे. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने अख्खा रविवार वाचतो.

पेडल लांब जातंय म्हणून परत परत ऑइलमधली हवा काढत बसणारे पण खूप भेटतात. एमजीबीला मागे ड्रम आहेत आणि त्यांचे शू आपोआप ॲडजस्ट होत नाहीत, बॅकप्लेटवर चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर आहे तो चाक अडेपर्यंत आवळायचा आणि मग चाक मोकळं फिरेल एवढाच मागे घ्यायचा. हे आधी करा, हवा नंतर काढा. आणि त्या ॲडजस्टरला पक्कड लावू नका, त्याचा वेगळा पाना मिळतो, एकदा कोपरे झिजले की मग रडायची पाळी. जॅग्वार ई-टाइपवाल्यांबद्दल तर मला खरंच सहानुभूती आहे, त्यांच्या मागच्या डिस्क चाकाजवळ नसून मागच्या दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलला चिकटून आहेत, नीट काम करायचं तर बरेचदा मागचा अख्खा सांगाडाच खाली उतरवावा लागतो आणि म्हणूनच ते काम वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. 20 मे 2018 पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची राहिली नाही. लोकांनी ह्याचा अर्थ तपासायचीच गरज नाही असा घेतला. गाडी धोकादायक अवस्थेत रस्त्यावर आणली तर अडीच हजार पाउंडांपर्यंत दंड आजही होऊ शकतो, आणि दंडाचं सोडा, ह्यातल्या कितीतरी गाड्यांना हायड्रॉलिकचं एकच सर्किट आहे, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच जोडलेली लाइन. अमेरिकेत जाणाऱ्या एमजीबीला 1968 च्या मॉडेलपासून दोन सर्किट मिळाली, इथल्या गाड्या त्यानंतरही बरीच वर्षं एकावरच चालल्या. मागचा एक लोखंडी पाइप गंजून फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, हातात राहतो फक्त हँडब्रेक. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे पाइप मिळतात, ते असे गंजत नाहीत आणि फार महाग पण नाहीत. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी स्वतःहून वर्षातून एकदा एमओटी करून घ्यावी, तिथे रोलरवर ब्रेक मोजतात, डाव्या-उजव्यातला फरक लगेच कळतो.

मुंबई-पुण्यात जुन्या एमजी आहेत, रॅलीत दिसतात, आणि कोकणातल्या नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात ऑइल पाणी शोषणार नाही तर काय होणार. तुमच्या गाड्यांच्या पानावर एखाद्या जुन्या मेस्त्रींना बोलतं करून फक्त ब्रेकवर एक लेख छापा ही विनंती, जुनी ॲम्बॅसॅडर किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्यांनाही तो कामाला येईल.

आपला,
एक वाचक, कॉव्हेंट्री, इंग्लंड

ता.क. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.