‘देणगी कूपन’ छापण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत निधीसाठी पहिली सूचना ठरलेली असते. २० रुपयांचे कूपन, पहिले बक्षीस मिक्सर, सोडत संमेलनाच्या रात्री. वर ‘देणगी मूल्य’ छापले की सगळे कायदेशीर झाले, असा समज! पैसे घेतले, बक्षीस ठेवले आणि विजेता नशिबावर सोडला, की ती लॉटरीच. सरकारी किंवा सरकारमान्य नसलेल्या सोडतीसाठी जागा चालवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा सोडतीची जाहिरात केली तरी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि वस्तूरूप बक्षीसही त्यात येते. ‘आम्ही रोख देत नाही’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही. सोडत हवीच असेल, तर राज्याच्या १९५८ च्या लॉटरी कायद्यातल्या अटी छपाईआधी वकिलाकडून तपासून घ्याव्यात.

त्यापेक्षा पैसे, बक्षीस आणि नशीब या तीनपैकी एक गोष्ट काढून टाकणे सोपे. पैसे काढायचे, तर चिठ्ठी फाटकावर येईल त्याला फुकट द्या. ५० रुपयांचे तिकीट घेणाऱ्यालाच चिठ्ठी मिळत असेल तर पैसे मागल्या दाराने आत आलेच. हौजीचेही तेच: तिकीट विकले की खेळ नशिबाचा.

नशीब काढायचे, तर फणसाचे वजन ओळखायला लावा. पण फणस प्रत्येकाला उचलून पाहू द्या, नाहीतर तो नुसता अंदाजपंचे कारभार. वजन डिजिटल काट्यावर सर्वांसमोर करा. दोघांचे उत्तर सारखे आले की मुले हमखास चिठ्ठी उडवतात आणि नशीब परत येते. त्यासाठी दुसरा फणस बाजूला ठेवावा. अक्षरे जुळवण्याच्या कोड्यांपासून मात्र जपून. उत्तर तर्काने न निघता आयोजकांच्या बंद पाकिटातच असेल, तर १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा लागतो. महिन्याला एकूण १,००० रुपयांहून जास्त बक्षिसे त्यात चालत नाहीत, आणि कमी असली तरी परवाना लागतो.

आमच्या मते सगळ्यांत बरा लिलाव. देवळातल्या नारळ-केळ्यांच्या लिलावाची गावाला सवय आहेच. हापूसची पहिली पेटी, मुलांनी काढलेली चित्रे, घरची कोकमे असे काहीही चालते; बोली मोठ्याने पुकारावी आणि पावती जागेवर फाडावी.

हिशेब बिघडतो तो पावतीपुस्तकांत. पुस्तकांना सलग क्रमांक हवेत. कोणते कोणाकडे दिले याची सहीसह यादी हवी. रद्द पावतीचे दोन्ही भाग जपून ठेवावेत. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा असावा, वर्गप्रतिनिधीच्या खात्याचा नव्हे. रोकड त्याच रात्री दोघांनी मोजून सही करावी. विद्यार्थ्यांचा गट स्वतःच्या नावाने बाजारपेठेत मदतनिधी मागणार असेल, तर गणेशमंडळे घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क ची परवानगी आधी घ्यावी.

कूपने आधीच विकली गेली असतील तर सोडत रद्द करून स्थळप्रतीवरून पैसे परत करावेत. बहुतेक स्थळप्रतींवर फक्त ‘दादा, बाजारपेठ’ एवढेच लिहिलेले सापडते, ही पुढची पंचाईत.

– काही वाचक, कणकवली