बॅटरी बदलायच्या आधी एवढं बघ

चिऊ,

काल फोनवर म्हणालीस की गॅरेजवाला परत नवीन बॅटरी टाका म्हणतोय. आई शेजारी होती म्हणून मी जास्त बोललो नाही, पण पैसे द्यायची घाई करू नकोस. मागच्या वर्षीच बदललीय ना? ती इतक्यात गेली असेल तर का गेली ते आधी कळायला हवं, नाहीतर नवीनही तशीच जाणार.

बॅटरी उतरायची कारणं बघायला गेलं तर तीनच. एकतर ती स्वतःच चार्ज धरत नाही, नाहीतर गाडी चालू असताना चार्जिंग मिळत नाही, नाहीतर गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. गॅरेजवाल्याने यातलं काय मोजलं का विचार. मोजलं नसेल तर तो अंदाज सांगतोय आणि त्या अंदाजाचे पैसे तू देणार.

तुझी गाडी सोमवार ते शुक्रवार बिल्डिंगखाली उभी, तू वनाजवरून मेट्रोने जातेस, आणि शनिवारी सेल्फ मारला की नुसतं टक टक. पण रविवारी फिरवलीस तर सोमवारी सकाळी चालू होते म्हणालीस, म्हणजे एका रात्रीत उतरत नाही, हळूहळू उतरते. मला तरी तिसऱ्याचाच संशय येतोय, त्यात जुन्या मालकाने तो मोठा म्युझिक सिस्टिम बसवलाय आणि आरशामागे डॅशकॅम, त्यांच्या वायरी कुठून घेतल्यात देव जाणे.

तापकीर गल्लीत जाऊन साधा डिजिटल मल्टिमीटर घे, फार महाग नसतो, फक्त त्यात दहा अँपिअर डीसी मोजायची सोय आहे ना ते बघून घे. बॅटरी आधी बाहेर काढून रात्रभर चार्जरवर पूर्ण चार्ज करून आण, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही. आणि गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवून ती भरत नाही बरं का, तो गैरसमज सगळ्यांनाच असतो.

मग गाडी रात्रभर उभी राहू दे, बॉनेटचा खटका आदल्या रात्रीच ओढून ठेव म्हणजे सकाळी दार उघडावं लागणार नाही. मीटरचा नॉब डीसी व्होल्टवर ठेवून टर्मिनलवर लाव. १२.६ च्या आसपास दिसलं तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे संपल्यातच जमा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घास, नट घट्ट कर. नंतर सेल्फ मारताना कुणालातरी मीटर बघायला सांग, आकडा साडेनऊच्या खाली आपटला तर बॅटरी खरंच कमजोर. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ मध्ये हवं, तेवढं असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरणारा जनरेटर, बॅटरी चार्ज करतोय.

एक सांगून ठेवतो, कुणी मिस्त्री म्हणाला की चालू गाडीत टर्मिनल काढून बघू, इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर गेला, तर त्याला हात लावू देऊ नकोस. डेपोत आमची जुनी मंडळी बिनधास्त करायची, पण त्या बसला कॉम्प्युटर नव्हता. तुझ्या गाडीत व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडायचा.

आता खरी गंमत. मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात घाल, नॉब डीसी अँपिअरवर. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढ आणि मीटर मध्ये जोड, एक टोक बॅटरीच्या खुंटीला, दुसरं काढलेल्या वायरीला. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद कर म्हणजे गाडीला वाटेल दार लागलंय (दार लावायच्या आधी हँडल ओढून ते परत उघड, नाहीतर दार आपटून वाकेल). किल्ली लांब ठेव. सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. अर्धा-पाऊण तास थांब, सगळं झोपी जायला वेळ लागतो, सुरुवातीला मोठा आकडा दिसेल त्याने घाबरू नकोस. शेवटी ५० मिलीअँपच्या (०.०५ अँपिअरच्या) आत आला तर ठीक.

समज २०० मिलीअँप आला, म्हणजे ०.२ अँपिअर. दिवसाला ४.८ अँपिअर-अवर, पाच दिवसांचे २४, आणि तुझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. शनिवारी टक टक होणारच की! डिकीतला ५ वॅटचा साधा दिवा जरी चालू राहत असेल तरी तो ४०० मिलीअँप खातो, तेव्हा फोन रेकॉर्डिंगला लावून डिकीत ठेव आणि बंद केल्यावर दिवा विझतो का बघ.

आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा धपकन पडेल त्या लाइनवर चोर. म्युझिक आणि डॅशकॅमला पहिला हात घाल, त्यांचे फ्यूज बहुतेक वायरीतच वेगळे असतात. सगळे काढूनही पडला नाही तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक असू शकतो, ते मात्र वायरमनकडूनच बघून घे.

काम झालं की लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घाल. अँपिअरच्या भोकात राहिली आणि तू व्होल्ट बघायला टर्मिनलवर लावलंस तर सरळ शॉर्ट होतो, वायर हातात जळते.

वारंवार तळापर्यंत उतरून या बॅटरीच्या प्लेटा खराब झाल्याही असतील, तर बदलूच, पण चोर सापडल्यावर. वॉरंटी कार्ड शोधून ठेव तोवर.

रीडिंग व्हॉट्सअॅप कर. फोटोत नॉब कुठल्या खुणेवर आहे आणि लाल वायर कुठल्या भोकात तेही दिसू दे, नुसता आकडा पाठवलास तर मला काही कळणार नाही.

बाबा