केसपेपरवर नुसतं ‘गोचीड ताप’ लिहून भागत नाही

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पाळीव कुत्र्यांच्या आजारांच्या राज्यव्यापी नोंदी आणि त्यांवर आधारित संशोधन सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात आमची राणी गेली. कारवानी वळणाची, लांब पायांची, सहा वर्षांची कुत्री. दोन दिवस तिने भाकरीला तोंड लावलं नाही, मग ताप भरला. दवाखान्यात केसपेपरवर ‘गोचीड ताप’ लिहिलं गेलं, एक इंजेक्शन आणि डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या) गोळ्या मिळाल्या. पाचव्या दिवशी हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. शहरात नेऊन रक्ताची स्लाइड पाहिली तेव्हा कळलं, तांबड्या पेशींमध्ये बबेसिया गिब्सोनी हा परजीवी होता. हिमोग्लोबिन तीनवर आलं होतं. रक्त द्यायला शेजाऱ्यांचा लॅब्राडोर गाडीत घालून आणला, पण राणीने ती रात्र काढली नाही.

डॉक्टरांवर ठपका ठेवायला मी हे लिहीत नाही. हाताशी जे होतं त्यावर त्यांनी उपचार केले. दुखणं मुळात त्या दोन शब्दांत आहे. ज्याला आपण सगळे गोचीड ताप म्हणतो, ते तीन-चार वेगवेगळे आजार आहेत. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत राहतो आणि प्लेटलेट्स खाली आणतो. त्याला डॉक्सीसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं. बबेसिया हा तांबड्या पेशी फोडणारा परजीवी. त्यातली मोठ्या आकाराची जात इमिडोकार्बच्या इंजेक्शनला दाद देते, गिब्सोनी मात्र सहसा देत नाही. तिच्यासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र द्यावं लागतं आणि ते महाग पडतं. हिपॅटोझून या परजीवीचा आजार तर कुत्र्याने अंगावरची गोचीड चावून गिळली की होतो. औषधं वेगळी, खर्च वेगळा, जगण्याची शक्यता वेगळी, आणि कागदावर नाव एकच.

आमच्या जिल्ह्यात यातलं काय जास्त आहे, कोणत्या महिन्यांत वाढतं, किती कुत्री वाचतात, असं मी भेटेल त्या डॉक्टरांना विचारत गेलो. प्रत्येकाने स्वतःचा अनुभव मनापासून सांगितला, पण आकडा कुणाजवळच नव्हता.

साध्या नोंदींतून काय उभं राहतं याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत प्युरिना कंपनीने ४८ लॅब्राडोरांचा जन्मभर अभ्यास केला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. २००२ साली निष्कर्ष आले : बेताचं खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री याहून जास्त जगली) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. एवढ्या वर्षांत काय केलं, तर वाटी मोजली आणि लिहून ठेवलं. आपल्याकडे प्रेमाने चपातीवर तूप वाढणाऱ्या प्रत्येक घराला हे कळायला हवं.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधला व्हेटकंपास प्रकल्प नेहमीच्या दवाखान्यांतले केसपेपरच मालकांची नावं काढून एकत्र करतो. त्यातल्या तीस हजारांहून जास्त मृत्यूंच्या नोंदींवरून २०२२ मध्ये जातवार आयुर्मान मांडलं गेलं : जॅक रसेल टेरिअर १२.७ वर्षं, फ्रेंच बुलडॉग ४.५. (फ्रेंच बुलडॉगची हौस तिथे अलीकडे वाढली, त्यामुळे नोंदीत तरुण कुत्री जास्त आहेत, हे लक्षात घ्यावं लागतं. तरी चपट्या नाकाचे हाल खरेच आहेत. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात पग जातीच्या कुत्र्याला तेवढी हवाच आत घेता येत नाही.) फिनलंडमध्ये १३,७०० कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तेव्हा ३२ टक्के कुत्र्यांना मोठ्या आवाजांचा त्रास असल्याचं दिसलं. आपल्या दिवाळीत हाच प्रश्न विचारून पाहायला हवा.

पण परदेशातले आकडे आपल्या अंगणात जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे कडक थंडीत गोचीड मागे हटते, आपल्याकडे उबदार भिंतींच्या फटींत बारमाही राहते. आपली गावठी कुत्री, आपले कारवान त्यांच्या आकड्यांत कुठून असणार?

यात माणसाचाही जीव गुंतलेला आहे. पावसाळ्यात मुंबईत लेप्टोस्पायरोसिस माणसांना होतो, कुत्र्यांनाही होतो. कुत्र्यांची लस त्या जिवाणूच्या ठरावीक प्रकारांवरच चालते. परळच्या पाण्यात कोणते प्रकार फिरताहेत आणि लातूरला कोणते, हे सतत तपासलं नाही तर आपण टोचतोय ती लस उपयोगाची आहे की नाही, हे कसं कळणार?

आधी शेतकऱ्याची जनावरं, असं कुणी म्हणेल. मी दुभत्या जनावरांच्या घरातलाच आहे, ते मला मान्य आहे. पण २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा आपल्याच विभागाने किती जनावरं बाधित झाली, किती दगावली, किती लसीकरण झालं याचे जिल्हावार आकडे ठेवले. नोंद ठेवणं आपल्या यंत्रणेला येतं.

म्हणून विनंती अशी. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत कुत्र्यांसाठी एकसारखा केसपेपर करावा. त्यावर स्लाइडमध्ये नेमका कोणता जंतू दिसला याचा रकाना असावा आणि कुत्रं बरं झालं की गेलं, हेही लिहिलं जावं. पुढे तालुका दवाखान्यांतून स्लाइड तपासणीला पाठवायची सोय व्हावी. या नोंदींचा अहवाल दरवर्षी मराठीतही निघावा. आणि काहीशे कुत्री, त्यांत गावठी अर्ध्याहून कमी नकोत, पिल्लू असल्यापासून शेवटापर्यंत तपासत राहावीत. त्यासाठी दहा-पंधरा वर्षांचा निधी एकदाच मंजूर करून टाकावा, नाहीतर तिसऱ्या वर्षी काम बंद पडतं.

राणीनंतर आम्ही रस्त्यावरचं एक पिल्लू घरी आणलं आहे. नाव चिंगी, वय चार महिने. या अभ्यासाला कुत्री लागली तर दर सहा महिन्यांनी तिला रक्त तपासायला शिरवळला घेऊन येईन, एसटीत घेतलं नाही तर मोटारसायकलवर.

आपला नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक कुत्रापाळक